जिभेखालची वाट



साहित्याच्या व्यासपीठावर डॉक्टरला बोलावले की त्याने एकतर कविता वाचाव्यात किंवा आरोग्यावर उपदेश करावा, अशी एक रीत पडली आहे. कविता मला येत नाहीत आणि उपदेश इथे विद्यानगरात दवाखान्यात बसून रोज करतोच. म्हणून आज एक लहान विषय घेतो: औषध पोटात न जाता तोंडाच्या आतल्या अस्तरातूनच रक्तात कसे उतरते. विषय वैद्यकाचा आहे हे खरे, पण त्याची अर्धी अडचण भाषेची आहे आणि म्हणून तो इथे मांडायला हरकत नसावी.

तोंडात घातलेल्या वस्तूचे पुढे काय करायचे यासाठी मराठीत किती क्रियापदे आहेत ते एकदा आठवून पाहा. गिळणे, चावणे, चघळणे, चोखणे, चाटणे, घोळवणे, गालात धरणे. बाळगुटी उगाळून चाटवायची, लवंग दाढेखाली धरायची, खडीसाखर चघळायची, तंबाखूचा बार भरायचा. यातले एकही क्रियापद दुसऱ्याच्या जागी बसत नाही. लवंग ‘खा’ म्हटले आणि दाढेखाली ‘धर’ म्हटले, तर आजीच्या हातचा इलाज बदलतो. इतकी संपत्ती घरात असताना डॉक्टरच्या कागदावर मात्र दोनच अक्षरे लिहिलेली असतात, ‘एसएल’. म्हणजे जिभेखाली. ती दोन अक्षरे औषध दुकानदाराला कळतात. पेशंट घरी जातो, पेलाभर पाणी घेतो आणि गोळी गिळतो.

माझ्याकडे येणाऱ्यांत नांदेड-लातूरकडचे मराठी लोक असतात, जुने दख्खनी बोलणारे असतात, तेलुगू तर असतातच. तिघांना तीन भाषांत सांगतो: जिभेखाली ठेवा, ज़बान के नीचे रखो, नालुक किंद पेट्टुकोंडी. तिन्ही वाक्ये साधी आहेत. तरीही सांगून झाल्यावर मी पेशंटला जीभ वर उचलायला लावतो आणि जागा बोटाने दाखवतो. कारण ‘तोंडात धरा’ म्हटले की माणूस गोळी जिभेवर ठेवतो, आणि जिभेवरची गोळी दोन मिनिटांत घशाकडे जाते, ही जिभेची सवयच आहे.

आता त्या जागेत असे काय आहे ते पाहू.

आरशासमोर उभे राहून जीभ टाळूला लावा. खाली निळसर शिरा दिसतील, दोन्ही बाजूंना. त्या इतक्या स्पष्ट दिसतात याचे कारण वरचे अस्तर अतिशय पातळ आहे. मिलिमीटरचा दहावा ते पाचवा हिस्सा, एवढीच त्याची जाडी. गालाच्या आतले अस्तर त्याच्या तिप्पट-चौपट जाड. हिरडी आणि वरचा कडक टाळू यांच्यावर तर घट्ट्यासारखा टणक थर असतो, कारण भाकरीचा कडकपणा झेलायचे काम त्यांच्याकडे आहे. तोंडाच्या सगळ्या अस्तराचे क्षेत्रफळ साधारण २०० चौरस सेंटिमीटर, म्हणजे तळहाताहून थोडे मोठे. आतड्याच्या तुलनेत ते काहीच नाही. मग या चिमूटभर जागेचे महत्त्व कशासाठी?

महत्त्व रक्ताच्या वाटेचे आहे. पोटात आणि आतड्यात शोषलेली प्रत्येक गोष्ट आधी यकृतात जाते. यकृत म्हणजे शरीराचा जकात नाका. परकी वस्तू आली की तो ती तपासतो, मोडतो, निम्मीशिम्मी करतो आणि मग पुढे सोडतो. काही औषधांचा तर तिथेच इतका चुरा होतो की रक्तात पोचेपर्यंत हातात काही उरत नाही. जिभेखालच्या आणि गालातल्या शिरा या नाक्यावरून जात नाहीत. त्या मानेतल्या मोठ्या शिरेला मिळतात आणि तिथून रक्त थेट हृदयात. जठरातले आम्ल नाही, आतड्यातले पाचक रस नाहीत, यकृत नाही. वाट अरुंद आहे, पण आडवाट आहे.

अरुंद असल्यामुळे तिच्यातून सगळे जात नाही. औषधाचा कण लहान हवा, तेलकटपणाकडे झुकलेला हवा, विद्युतभार नसलेला हवा आणि मात्रा थोडी पुरेशी हवी. शिवाय लाळ दिवसभरात लिटरभर तरी तयार होते आणि सारखी वाहत असते, ती औषध धुऊन घशाखाली नेते. इन्शुलिनसारखा मोठा कण इथे अडतो. म्हणून ‘जिभेखाली ठेवले की लवकर लागू पडते’ हा सरसकट नियम नाही, हे आधीच सांगून ठेवतो. पुढे त्याचे एक उदाहरण येईल.

या वाटेचा सर्वांत प्रसिद्ध प्रवासी म्हणजे नायट्रोग्लिसरीन. १८४७ साली इटलीतल्या तुरीन शहरात अस्कानिओ सोब्रेरो या रसायनतज्ज्ञाने ते प्रथम तयार केले. त्या काळी रसायनतज्ज्ञ आपण केलेला पदार्थ चाखून पाहत. सोब्रेरोने कणभर जिभेला लावले आणि त्याचे डोके भयंकर ठणकू लागले. नंतर अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या कॉन्स्टन्टिन हेरिंगने हीच गोष्ट पद्धतशीर तपासली. हेरिंग होमिओपॅथ होता, हानेमानच्या पहिल्या फळीतला. १८४९ च्या सुमारास त्याने निरोगी स्वयंसेवकांना हा पदार्थ देऊन पाहिला, डोके ठणकण्याची आणि नाडी उसळण्याची नोंद केली आणि त्याला ग्लोनॉइन असे नाव दिले. आमच्या औषधांच्या पेटीत ते नाव आजही आहे. मग १८७९ साली लंडनच्या विल्यम मुरेल याने ‘लॅन्सेट’मध्ये हृदयशूळावर, म्हणजे आपण ज्याला अँजायना म्हणतो त्यावर, नायट्रोग्लिसरीन लागू पडते असे लिहिले. त्यालाही त्याची पहिली ओळख जिभेवरच झाली होती. खिशातल्या बाटलीचे ओले बूच त्याने सहज जिभेला लावले, पेशंट तपासायला बसला, आणि थोड्याच वेळात त्याची स्वतःची नाडी डोक्यापासून बोटांपर्यंत ठोके देऊ लागली.

याच पदार्थापासून आल्फ्रेड नोबेलने डायनामाइट बनवले आणि आयुष्याच्या शेवटी त्याच्याच हृदयविकारावर डॉक्टरांनी त्याला हेच औषध लिहून दिले. १८९६ मध्ये मृत्यूच्या काही आठवडे आधी एका पत्रात त्याने या योगायोगाची थट्टा केली आहे. लोक घाबरू नयेत म्हणून औषध दुकानात त्याला दुसरे नाव दिले आहे, असेही त्यात आहे. हे औषध काम कसे करते हे मात्र त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षांनी स्पष्ट झाले. त्यातून शरीरात नायट्रिक ऑक्साइड हा वायू सुटतो आणि रक्तवाहिन्यांच्या भिंती सैल पडतात. या वायूवरच्या कामासाठी १९९८ चे पारितोषिक दिले गेले, तेही नोबेलच्याच नावाचे.

नायट्रोग्लिसरीन गिळले तर यकृत त्याचा फार मोठा भाग मोडून टाकते. जिभेखाली ठेवले तर एक ते तीन मिनिटांत छातीवरचा दाब उतरू लागतो. आपल्याकडे याच घराण्यातली आयसोसॉर्बाइड डायनायट्रेटची गोळी जास्त चालते. तुम्ही तिला सॉर्बिट्रेट म्हणून ओळखता. तिच्याबद्दल थोडे सविस्तर बोलतो, कारण इथे चुकीला फार मोठी किंमत आहे.

ही गोळी बसून घ्यायची, उभ्याने नाही. रक्तदाब एकदम उतरतो आणि माणूस कोसळतो. ज्याला डॉक्टरांनी लिहून दिली आहे त्यानेच घ्यायची. आधीच दाब खाली असेल तर घ्यायची नाही. पुरुष ज्या गोळ्या गुपचूप घेतात त्यातली सिल्डेनाफिल गेल्या चोवीस तासांत घेतली असेल तर अजिबात नाही, आणि हे डॉक्टरला सांगायला लाजायचे नाही. पाच मिनिटांत आराम पडला नाही तर शेजाऱ्याला हाक मारण्याआधी १०८ फिरवायचा. ही १०८ ची सेवा २००५ साली आपल्याच हैदराबादेत सुरू झाली. तिचा उपयोग आपणच करायला नको का? आणि एक गोंधळ. छातीत दुखल्यावर घ्यायच्या गोळ्यांची यादी मोबाइलवर फिरत असते. त्यात अ‍ॅस्पिरीन आणि सॉर्बिट्रेट शेजारी शेजारी असतात, आणि लोक दोन्ही जिभेखाली ठेवतात. अ‍ॅस्पिरीन चावून गिळायची असते, ती पोटातून शोषली जाते. सॉर्बिट्रेट जिभेखाली विरघळू द्यायची असते. पुन्हा क्रियापदाचाच प्रश्न.

इथे माझ्यावर एक प्रश्न नेहमी येतो आणि तुमच्याही मनात आला असेल. डॉक्टर, ग्लोनॉइन म्हणजे नायट्रोग्लिसरीनच ना? मग तुमच्याच साखरगोळ्या जिभेखाली ठेवल्या तर? उत्तर स्पष्ट आहे: नाही. नाव एक, मूळ पदार्थ एक, पण सॉर्बिट्रेटच्या गोळीत मोजता येण्याजोगे पाच मिलिग्रॅम औषध असते, ते अस्तरातून जाते आणि रक्तात सापडते. आमच्या तिसाव्या पोटन्सीत रसायनशास्त्राच्या हिशेबाने मूळ पदार्थाचा कणही उरलेला नसतो. शोषणाचे जे शास्त्र मी तुम्हाला सांगतो आहे त्याचा आधार आमच्या गोळीला घेता येत नाही आणि कोणी होमिओपॅथ तसा आधार घेत असेल तर तो लोकांना फसवतो आहे असे माझे मत आहे. आमच्या औषधांवरचा वाद जुना आहे, तो इथे उकरत नाही. रामंतापूरच्या ज्या सरकारी होमिओपॅथिक महाविद्यालयाला सरोजिनीबाईंचे चिरंजीव डॉ. जयसूर्य यांचे नाव आहे त्या शहरात हा वाद पुष्कळ रंगलेला आहे. मी एवढेच म्हणतो की छातीत कळ आली तर माझ्या दारात थांबू नका. माझ्या टेबलाच्या खणात साखरगोळ्यांच्या शेजारी सॉर्बिट्रेट आणि अ‍ॅस्पिरीन आहे, आणि दाराच्या आतल्या बाजूला १०८ मोठ्या अक्षरात लिहिलेला आहे.

सरसकट नियम नाही असे म्हणालो त्याचे उदाहरण. आमच्या तरुणपणी रक्तदाब वाढला की निफेडिपिनची कॅप्सूल फोडून जिभेखाली सोडायची सर्रास पद्धत होती. दवाखान्यादवाखान्यात चाले आणि पेशंटच्या नातेवाइकांना मोठी चमत्काराची गोष्ट वाटे. पण ते औषध तोंडातून फारसे शोषलेच जात नाही. लाळेबरोबर पोटात उतरते आणि तिथून काम करते. काम करते तेही इतके बेलगाम की दाब धडाक्याने खाली येऊन कोणाला पक्षाघात, कोणाला हृदयाचा झटका. १९९६ साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात ही पद्धत बंदच करावी असा लेख आला आणि ती हळूहळू थांबली.

आता मी ज्या गोष्टीकडे येतो आहे ती वैद्यांनी शोधलेली नाही. ती आपल्या खेड्यापाड्यांत आधीपासून होती.

तळहातावर तंबाखू घेतात, नखाने चुन्याचा कण घेतात, अंगठ्याने मळतात आणि चिमूट ओठाआड ठेवतात. चुना कशासाठी? विचाराल तर कोणी म्हणेल ‘कडक’ होते, कोणी म्हणेल ‘लागते’. दोन्ही उत्तरे बरोबर आहेत. निकोटीन हे अल्कधर्मी द्रव्य. तोंडात आम्लता असेल तर त्याच्यावर विद्युतभार येतो आणि भार असलेला कण अस्तरातून जात नाही. चुन्याने तोंडातल्या त्या एका कोपऱ्यात आम्लता पार नाहीशी होते, भार उतरतो आणि निकोटीन सरसर रक्तात जाते. औषधनिर्माणशास्त्राच्या पुस्तकात हे तत्त्व आज एका प्रकरणात सांगितलेले असते. आपल्या शेतकऱ्याने ते चंचीत बांधून ठेवले होते. सिगारेटचा धूर आम्लाकडे झुकलेला असतो, म्हणून तो छातीत ओढावा लागतो. चुट्ट्याचा धूर तसा नसतो, त्याचे निकोटीन गालातूनच भिनते. आंध्रच्या किनाऱ्याकडे बायका चुट्ट्याचे पेटते टोक तोंडात ठेवून ओढतात, आणि त्यांच्या टाळूचे काय होते ते तिथल्या डॉक्टरांना विचारा.

पुरुषाच्या चंचीची गंमत सांगणारे पुष्कळ आहेत, बाईच्या मशेरीची कमी. तव्यावर तंबाखू काळी होईतो भाजायची, कुटायची, आणि दात घासण्याच्या निमित्ताने हिरड्यांवर चोळायची. सकाळी एकदा, मग दुपारी, मग कामाचा शीण आला की. दात घासणे हे निमित्त राहते. हिरडीच्या कडेने निकोटीन जात राहते आणि भूक मरते. ज्या घरात सगळ्यांचे जेवून झाल्यावर बाईच्या वाट्याला उरलेले येई, त्या घरात भूक मारणाऱ्या वस्तूला काय किंमत असेल याचा विचार करा. बाईच्या मशेरीवर हसणाऱ्याने तो हिशेब आधी करावा.

टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले दंतवैद्य डॉ. फली मेहता आणि त्यांचे सहकारी यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यांत जाऊन १,०१,७६१ लोकांची तोंडे तपासली. तो अभ्यास १९७२ साली प्रसिद्ध झाला. लाखभर माणसांनी परक्यासमोर आ केला, ही गोष्ट मला आकड्याहून मोठी वाटते. त्याच्या वीस वर्षे आधी, १९५३ मध्ये, डॉ. एस. जी. जोशी यांनी आपल्या देशातल्या पेशंटांमध्ये एक रोग नोंदवला होता. सुपारी चघळणाऱ्यांच्या गालाचे आतले अस्तर पांढरे पडते, दोरीसारखे कडक होते आणि तोंड उघडेनासे होते. गुटख्याच्या पुड्या आल्या आणि जो रोग पूर्वी उतारवयात दिसे तो वीस वर्षांच्या मुलांत दिसू लागला. महाराष्ट्राने २०१२ साली गुटख्यावर बंदी घातली. सुपारी आणि तंबाखू वेगवेगळ्या पुड्यांत घालून शेजारी शेजारी लटकवल्या की बंदीचे काय होते ते तुम्ही पानाच्या टपरीवर पाहिले असेल. माझी एक साधी परीक्षा आहे: पेशंटला आपलीच तीन बोटे उभी धरून तोंडात घालायला सांगतो. दोनच गेली तर औषधाचे नंतर, आधी तोंडाच्या डॉक्टरकडे पाठवतो.

हीच वाट उलटीही वापरता येते. स्वीडनमध्ये १९६० च्या दशकाच्या शेवटी ओव्हे फेर्नो यांनी निकोटीन घातलेला चघळण्याचा डिंक बनवला. पाणबुडीवरच्या खलाशांना धूम्रपान करता येत नाही, ते तंबाखू चघळतात, या निरीक्षणातून ती कल्पना निघाली. त्यातही अल्कधर्मी द्रव्य मिसळलेले असते. म्हणजे आपला चुनाच, पण प्रयोगशाळेतला. तो डिंक आपल्याकडे मिळतो आणि बहुतेक जण तो चुकीचा खातात. च्युइंगगमसारखा सतत चावतात, निकोटीन लाळेबरोबर पोटात जाते, मळमळते आणि ‘हे काही आपल्याला झेपत नाही’ म्हणून परत पुडी. तो दोन-चार वेळा चावायचा, झिणझिण्या आल्या की गाल आणि हिरडीच्या मध्ये ठेवून द्यायचा. बार भरलेल्या माणसाला हे शिकवावे लागत नाही! त्याआधी पाव तास चहा-कॉफी नको, कारण चहा-कॉफीची आम्लता पुन्हा दार लावते.

आतापर्यंतच्या गोष्टी परदेशातल्या किंवा जुन्या. आता आपल्या सीमाभागातली आणि अलीकडची एक, आणि माझ्या मते या विषयातली सर्वांत मोलाची.

बाळंतपणात वार पडल्यावर गर्भाशय आवळले नाही तर रक्त थांबत नाही. दोन तासांत धडधाकट बाई जाऊ शकते. ते आवळावे म्हणून ऑक्सिटोसिनचे इंजेक्शन देतात. औषध उत्तम आहे, पण ते थंड ठेवावे लागते आणि टोचायला हात लागतो. वीज जाते अशा गावात, रात्री, सुईणीच्या किंवा नर्सबाईंच्या हाती बाळंतपण असेल तर फ्रीज कुठला? बेळगावच्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयातल्या डॉक्टरांनी या प्रश्नाला हात घातला. मिसोप्रोस्टॉल नावाची गोळी होती, मुळात जठराच्या व्रणासाठी केलेली. ती गर्भाशयही आवळते, स्वस्त आहे आणि तिला फ्रीज लागत नाही.

त्यांचा पहिला अभ्यास बेळगाव जिल्ह्यातल्या खेड्यांत झाला, १,६२० बायकांवर, आणि २००६ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. बाळंतपण करणाऱ्या होत्या गावातल्या सहायक नर्स. निम्म्या बायकांना मिसोप्रोस्टॉल गिळायला दिले, निम्म्यांना तसलीच दिसणारी पोकळ गोळी. रक्तस्रावाचे प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर आले. पण हे मोजले कसे? बाळंतिणीच्या खाली वाहिलेले रक्त नुसत्या नजरेने सांगता येत नाही. त्यांनी खाली पसरायचा एक प्लास्टिकचा पडदा केला, त्याला खाली खुणा केलेली निमुळती पिशवी. रक्त त्यात साठते आणि आकडा वाचता येतो. त्याच महाविद्यालयात नजरेचा अंदाज आणि पडद्याचा आकडा ताडून पाहिला तेव्हा नजर सुमारे तिसऱ्या हिश्शाने कमी सांगते असे निघाले. ‘थोडंसंच गेलंय’ हे वाक्य बाळंतिणीच्या खोलीत किती वेळा बोलले गेले असेल आणि त्यातले किती वेळा खोटे ठरले असेल, हा विचार मला या अभ्यासापासून सुटत नाही.

ही गोळी गिळलेली होती. दुसरा अभ्यास जिभेखालचा. मिसोप्रोस्टॉल जिभेखाली ठेवले तर रक्तात त्याची पातळी गिळण्यापेक्षा उंच जाते, हे हाँगकाँगच्या संशोधकांनी २००२ मध्ये मोजून दाखवले होते. बेळगावकरांनी गोळीऐवजी तिची पूड घेतली, कारण पूड लाळेत लगेच विरघळते. ६५२ बायका, सगळ्या रुग्णालयात बाळंत होणाऱ्या. प्रत्येकीला जिभेखाली पूड आणि दंडात किंवा मांडीत सुई, दोन्ही दिले. मात्र दोहोंपैकी एकातच औषध, दुसरे पोकळ, आणि कोणते खरे हे ना बाईला माहीत ना देणाऱ्याला. पुडीत ४०० मायक्रोग्रॅम मिसोप्रोस्टॉल, सुईत १० युनिट ऑक्सिटोसिन. २०१२ साली निकाल प्रसिद्ध झाला. पुडीच्या गटात जास्त रक्तस्राव झालेल्या बायका ३.१ टक्के, सुईच्या गटात ९.१ टक्के. सरासरी गेलेले रक्त पुडीच्या गटात १९२ मिलिलिटर, सुईच्या गटात ३६६.

या आकड्यांनी हुरळून जायचे कारण नाही. पुडीने हुडहुडी भरते आणि ताप चढतो, आणि एका रुग्णालयातल्या अभ्यासावर जगाची रीत बदलत नाही. जागतिक आरोग्य संघटना आजही ऑक्सिटोसिनलाच पहिली पसंती देते आणि ते जिथे मिळत नाही तिथे मिसोप्रोस्टॉल सांगते. पण ‘जिथे मिळत नाही’ ही जागा नकाशावर किती मोठी आहे! बेळगावात बाळंतिणीला मराठीत सांगायचे जिभेखाली, कन्नडात नालिगे केळगे. आमच्या तेलुगूतली नालुक आणि त्यांची नालिगे सख्ख्या बहिणी. दमलेल्या बाईने फक्त जीभ वर उचलायची. गिळायचे नाही, पाणी नको, सुई नको. उलटी होत असली तरी चालते, आणि बाळंतपणात उलटी होतेच.

गिळता न येणारा पेशंट ही या वाटेची खरी गरज आहे आणि ती आपल्या लोकांना पूर्वीही कळत होती. शेवटच्या घटकेला हेमगर्भाची मात्रा उगाळून जिभेवर लावत. त्या मात्रेतले किती रक्तात जाई ते सोडून द्या. शुद्ध नसलेल्याच्या घशात काही ओतायचे नाही, जिभेला चाटवायचे, ही समज पक्की होती. आजही झटका आलेल्या मुलाच्या तोंडात लोक चमचा घालतात, चप्पल हुंगवतात, पाणी ओततात. यातले काहीही करू नका. मुलाला कुशीवर वळवा. ज्या मुलांना पुन्हा पुन्हा झटके येतात त्यांच्यासाठी मिडाझोलाम हे औषध गाल आणि हिरडीच्या फटीत सोडता येते. ते या वाटेने लागू पडते हे १९९९ पासून ‘लॅन्सेट’मध्ये नोंदलेले आहे. आपल्याकडे नाकात मारायचा फवारा जास्त मिळतो. मुलाच्या डॉक्टरांकडून आधी शिकून घ्या आणि शाळेच्या बाईंनाही शिकवून ठेवा.

शेवटी एक प्रश्न जो माझ्याकडे पावसाळ्यात येतो, चातुर्मासात, आणि रमजानमध्येही येतो. तोंडात ठेवलेले औषध म्हणजे खाणे का?

आम्हा जैनांच्या घरात सूर्यास्तानंतर चौविहार पाळतात. चार प्रकारच्या आहारांचा त्याग: अशन, पान, खादिम आणि स्वादिम. पहिले तीन म्हणजे जेवण, पाणी आणि फळफळावळ. चौथा पाहा. स्वादिम म्हणजे वेलदोडा, लवंग, सुपारी, विडा, जे पोट भरायला खात नाहीत, नुसते तोंडात धरतात. म्हणजे तोंडात धरणे हाही आहार, असे आमच्या पूर्वाचार्यांनी फार पूर्वी ठरवून टाकले आहे. शरीरशास्त्राच्या दृष्टीने हे त्यांचे म्हणणे काही चुकीचे नाही, निकोटीनचे पाहिलेच. याच्या उलट कडुनिंब, किराईत, गुळवेल, गोमूत्र अशा कडू, कोणी चवीसाठी न खाणाऱ्या वस्तू ‘अणाहारी’ मानतात आणि आजारात त्यांची मोकळीक असते. माझ्या साखरगोळ्या या हिशेबात साफ नापास होतात. गोड आहेत! चौविहार करणाऱ्या माझ्या पेशंटना मी त्या दिवसाउजेडीच घ्यायला सांगतो.

इस्लाममध्ये याचा विचार अगदी अलीकडे लेखी झालेला आहे. जिद्दाच्या आंतरराष्ट्रीय फिक्ह अकादमीने १९९७ मध्ये ठरवले की हृदयशूळासाठी जिभेखाली ठेवलेल्या गोळीने रोजा तुटत नाही, मात्र घशाकडे आलेले गिळू नये. हा ठराव कळल्यापासून रमजानच्या महिन्यात माझ्याकडे येणारे एक वृद्ध गृहस्थ संध्याकाळची वाट पाहत छाती धरून बसत नाहीत.

जैनांचे उत्तर पच्चक्खाणाच्या सूत्रातच आहे. व्रत घेताना त्यातच सवलती, म्हणजे ‘आगार’, घेतलेल्या असतात, आणि त्यातली एक जिवावरच्या आजारात समाधी टिकावी म्हणून औषध घेण्याची आहे. हे रोज म्हणणाऱ्यांनाही अनेकदा माहीत नसते, कारण सूत्र प्राकृतात आहे आणि अर्थ कोणी विचारत नाही. विद्यानगरातल्याच एका आजींना मी हे सांगितले. ऐंशीच्या पुढे वय, दोन वेळा अँजायना, उशाशी गोळी, आणि रात्री कळ आली तरी घ्यायची नाही असा निश्चय. डॉक्टरचे त्यांनी ऐकले नाही, आणि बरोबरच केले, व्रताची गोष्ट डॉक्टरने सांगायची नसते. त्यांना उपाश्रयात नेले. साध्वीजींनी सूत्र म्हणून दाखवले, त्या शब्दावर थांबून अर्थ सांगितला आणि म्हणाल्या, आगार तुम्ही घेतलेलेच आहे.

आजींनी मग मला विचारले, गोळी विरघळताना लाळ सुटते, ती थुंकायची की गिळायची? मी सांगितले, गोळी पुरती विरघळेपर्यंत तोंडात धरा, थुंकू नका, नंतर आली ती गिळली तरी चालेल. त्यांनी ते दोनदा म्हणून घेतले. आणि सुनेला सांगितले की गोळीची पट्टी उशाखालून काढून पाण्याच्या तांब्याशेजारी ठेव, तांबा मात्र रात्री तिथून हलव.